रिमवर्ल्डमध्ये गोष्ट नेमकी सुरू कधी होते?

पायवाट:
सेलमध्ये रिमवर्ल्ड हा वसाहत वसवायचा कॉम्प्युटर गेम घेतला. लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात, कोण कुणावर उलटलं, कुणाचं लग्न मोडलं. माझ्याकडे आहेत तीन माणसं, एक कोठार आणि एक शेत. लढाईत कुणी गेलंच तर जुना सेव्ह उघडतो. सगळं सुरळीत आहे आणि कंटाळा आलाय. गोष्ट येते कुठून? की लोक मनानंच रचतात?

जागता पहारा:
तो जुना सेव्ह आधी सोडा. मेलेला माणूस परत येणार असेल तर मागे राहिलेल्यांनी कशाला रडायचं? नवा डाव मांडताना कमिटमेंट मोड निवडा. एकच सेव्ह राहतो, घडलं ते घडलं. स्टोरीटेलर (कोणतं संकट कधी येणार हे ठरवणारा) म्हणून कॅसॅन्ड्रा ठेवा. दुसऱ्या स्टोरीटेलरला, रँडीला, काही ताळतंत्र नाही, तो नंतर.

दुसरं, स्वभाव बघून माणसं नाकारू नका. माझ्याकडे एक पायरोमेनियाक, म्हणजे आगीचं वेड असलेली बाई होती. मन बिघडलं की दिसेल त्याला आग लावत सुटायची, आणि या स्वभावाची माणसं आग विझवायला हात लावत नाहीत. हाकलावी तर तिच्याइतकी डॉक्टरकी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. तिच्या एका आगीत आमच्या बांधकामवाल्याचा कुत्रा गेला. त्या दोघांचा बाँड, म्हणजे जिवाभावाचं नातं होतं, त्यामुळे गेमच्या हिशेबात मालकाचा मूड धाडकन खाली. गडी सैरभैर होऊन कुंपणाबाहेर भटकत राहिला, नेमका तेव्हाच हल्ला आला आणि त्याचा पाय गेला. लाकडी पाय बसवला तो तिनेच.

पुढे आमच्या कलाकाराने एक पुतळा केला. त्याचं वर्णन उघडलं तर त्यावर तीच शस्त्रक्रिया! गेम वसाहतीतल्या घटना लक्षात ठेवतो आणि कलाकृतींवर उमटवतो. मी तो पुतळा मुद्दाम जेवणाच्या खोलीत ठेवला. (दुष्टपणा म्हणा हवं तर.)

फासेवाला:
वाचायला मजा आली, पण यात गेमने काय केलं? आकडे वरखाली झाले. त्या बाईला काय वाटलं असेल ते तुम्ही भरलंत. कोऱ्या कागदावरही जमलं असतं.

जागता पहारा:
तिला अपराधी वाटत होतं हे मी भरलं, कबूल. पण कोऱ्या कागदावर मी कुत्रा मारलाच नसता. मला तो आवडायचा.

तळघर:
फासेवाला, ड्वॉर्फ फोर्ट्रेस या बुटक्यांच्या वसाहतीच्या गेममधल्या मांजरांचं काय? २०१५ मध्ये त्यात गुत्ते आले आणि मांजरं पटापट मरायला लागली. बुटके दारू सांडायचे, ती मांजरांच्या पंजांना लागायची, मांजरं स्वतःला चाटून साफ करायची. एका चाटण्यात किती दारू पोटात जाते हा हिशेब चुकलेला, त्यामुळे थेट पूर्ण पेल्याची नशा. बग होता, दुरुस्त झाला. पण हा प्रसंग कुणी लिहिला होता? सांडणं, चिकटणं आणि चाटणं हे तीन नियम वेगवेगळे होते, ते एकमेकांना जाऊन भिडले.

पायवाट, शेती नकोच असेल तर शॅडो ऑफ मॉर्डॉर हा लढाईचा गेम बघा, २०१४ चा. तुम्हाला मारणाऱ्या फुटकळ ऑर्कला (शत्रूच्या राक्षसी सैनिकाला) बढती मिळते आणि पुढच्या भेटीत तो मागचं काढून टोमणे मारतो. या पद्धतीचं पेटंट तो गेम काढणाऱ्या वॉर्नर कंपनीने २०२१ मध्ये मिळवलं, म्हणून तशी दुसरीकडे फारशी दिसत नाही असं माझं मत.

फासेवाला:
मांजरांपुढे हरलो. पण मग श्रेय नियमांना द्या. गोष्ट, गोष्ट काय लावलंय!

पायवाट:
कमिटमेंट मोडमध्ये नवा डाव मांडला. तिघांतल्या एकीला लढताच येत नाही, आणि दुसरा तिचा आधीचा नवरा निघाला. खोली एकच बांधून झालीये. तिघांना एकत्र झोपवू का?

जागता पहारा:
झोपवा. भिंत नंतरही घालता येते. आणि काय होतं ते इथे लिहा.