रेसिंगपायी कुळागर विकावं का?

कुळागरवाला

रविवारी फोंड्याला ताईकडे जेवायला गेलो होतो. हुमण-शीत आटोपल्यावर भावजींनी विषय काढला. सावईवेऱ्याचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, विकायचं म्हणतात. कारण माझा भाचा.

पोरगं १४ वर्षांचं, नववीत. दोन वर्षं कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करतंय. सुरुवात हडफड्याच्या भाड्याच्या कार्टवर, आता बंगळूर-कोईमतूरच्या शर्यती. दोनदा तिसरा आला. १५ पूर्ण झाली की फॉर्म्युला-४ ला (एफ-१ च्या शिडीची खालची पायरी, वर एफ-३, एफ-२) बसता येतं, म्हणून आताच पैसे उभे करायचे. २०१२ ला खाणी बंद पडल्यावर भावजींनी टिप्पर विकले होते. म्हणाले, "तेव्हा रडलो नाही, माडा-पोफळींसाठी काय रडायचं?"

स्वयंपाकघराच्या दारामागच्या कालनिर्णयवर भावजी प्रत्येक शर्यतीचे लॅप टाइम, म्हणजे एका फेरीचे सेकंद, पेन्सिलीने लिहितात. ४८.९१, ४८.७७, ४८.७४. दुधाच्या हिशेबाच्या खाली. पोराच्या बरगड्या सीटला आपटून काळ्यानिळ्या झालेल्या, ताई हळद लावत होती.

माझं मत, विकू नये. मुंबईचा जेहान दारूवाला बघा. रेड बुल या एफ-१ टीमच्या ज्युनियर गटात होता, २०१९ ला एफ-३ मध्ये तिसरा आला, मग एफ-२ चे चार हंगाम, त्यात शर्यतीही जिंकला. एफ-१ ची एकही शर्यत मिळाली नाही. त्याचं हे, तर फोंड्याच्या पोराचं काय? भावजींचं उत्तर ठरलेलं, "कुश मैनीने मोनॅको मारलं ना?"

सांगा, मी चुकतोय का?

निळा_झेंडा

चुकताय. एफ-१ नाही म्हणजे सगळं पाण्यात, हे कोणी ठरवलं? कलेक्टर झाला नाही म्हणून कोणी पोराच्या बारावीला शिव्या घालत नाही. जेहान नंतर फॉर्म्युला-ई मध्ये, विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींत, मासेरातीकडून धावला. कुशचा भाऊ अर्जुन मैनी डीटीएममध्ये, जर्मनीच्या टुरिंग कार शर्यतींत, गेला. दोघंही रेसिंगच करत राहिले.

आणि मोनॅको असं उडवून लावू नका. २०२५ च्या मे महिन्यात तिथली एफ-२ ची स्प्रिंट (छोटी) शर्यत जिंकणारा कुश पहिला भारतीय. सहाशे घोड्यांच्या वरची गाडी, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. आपल्याकडे पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये आरसा घासला तरी माणसं खाली उतरून भांडतात.

शिवाय वेळ. वर्स्टापेन २०१५ ला १७ व्या वर्षी एफ-१ मध्ये उतरला, त्यानंतर एफआयएने, शर्यतींच्या जागतिक संघटनेने, १८ ची अट घातली. म्हणजे १७ हे लवकर, पण १९ ला एफ-४ सुरू करणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पोफळी पुन्हा लावता येतात.

हिशेबतपासनीस

मोनॅकोत एक मेख आहे. स्प्रिंटला पात्रता फेरीतले पहिले दहा उलट्या क्रमाने उभे करतात. कुश दहावा होता म्हणून पहिल्या जागेवरून सुटला, आणि मोनॅकोत पुढे असलेल्याला गाठणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात पुढच्याला ओलांडणं. पहिला राहून जिंकला, ते श्रेय त्याचंच. पण त्या एका दुपारवर कोणी जमीन विकू नये.

आता पैसे. कार्टिंग, मग एफ-४, मग फॉर्म्युला रिजनल, एफ-३, एफ-२. वर चढावं तसा आकडा फुगतो. एफ-२ चा एक हंगाम पंचवीस-तीस कोटींच्या घरात जातो. कुळागराचे पैसे एफ-४ ला पुरतील, रिजनलला अर्धे. पुढे?

बरं, वरपर्यंत पोचलात आणि जिंकलातही, तरी? द्रुगोविच २०२२ चा एफ-२ विजेता, पुर्शेर २०२३ चा. एफ-१ च्या सुपर लायसन्सला ४० गुण लागतात, एफ-२ च्या पहिल्या तिघांना ते एका हंगामात मिळतात. दोघांकडे गुण होते. एफ-१ मध्ये मोसमभर शर्यतीची गाडी दोघांनाही कोणी दिली नाही. पियास्त्रीने २०१९, २०२०, २०२१ अशी ओळीने तीन वर्षं खालच्या पायऱ्यांवरची तीन अजिंक्यपदं घेतली आणि २०२२ भर राखीव म्हणून बसला.

निळा_झेंडा

आणि २०२३ ला मॅक्लारेनमध्ये गेला, पुढे शर्यती जिंकला. हे लिहायचं राहिलं वाटतं.

ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं, कॅराव्हॅनमध्ये राहून युरोपभर कार्टिंगला फिरले. ओकोन एफ-१ ची शर्यत जिंकला. त्यांनीही तुमच्यासारखा हिशेब मांडला असता तर?

हिशेबतपासनीस

ज्याचं जमलं त्याच्या बापाची मुलाखत होते हो. घर गेलं आणि पोरगं विसाव्या वर्षी परत आलं, त्या बापाला माइक कोण देतो? असे किती, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही.

नारायण कार्तिकेयन २००५ ला एफ-१ मध्ये पोचला तेव्हा त्याच्यामागे टाटांसारखं नाव होतं. बापाच्या सात-बाऱ्यावर कोणी तिथवर गेलेलं मी ऐकलं नाही.

पोफळी_बाय

सात-बारा नव्हे, गोव्यात एक-चौदा. बाकी चालू द्या.

पाना_नंबर_दहा

मी तीन वर्षं कार्टच्या पिटात काढली, म्हणून थोडं सांगतो. एफ-१ सोडा, तुमचं पोर सध्या कुठे आहे ते बघा.

एक, शर्यत संपवून आल्यावर तो काय बोलतो? "गाडी बरोबर नाही" म्हणणारी पोरं शंभर. "तिसऱ्या लॅपनंतर मागचं टोक सुटतं, डाव्या वळणावर जास्त" असं सांगणारं एखादं. मेकॅनिकला हे दुसरं पोर लागतं. टायरची हवा पाव पौंड कमी करायची की नाही, हे त्याच्या तोंडून कळतं.

दोन, तिसरा आला म्हणता, पण किती कार्टमध्ये? आणि पहिल्यापेक्षा लॅपला किती मागे? ४८.७४ चांगलं की वाईट ते कालनिर्णयवरून कळत नाही. त्याच दिवशी पहिला ४८.७० ला असेल तर पोराला भविष्य आहे. ४८.२ ला असेल तर पोरगं नुसतं मन लावून चालवतंय.

तीन, "सगळ्यांच्या गाड्या सारख्या" यावर भाळू नका. चासी-इंजिन सारखं, पण सरावाचे दिवस, नवे टायर आणि डेटा वाचणारा माणूस विकत घ्यावा लागतो. मी होतो त्या टीमने एका बापाला नव्या टायरचं बिल लावलं आणि कार्टला आदल्या शर्यतीचे चढवले. टायरवर बारकोड असतो, बापाने तो टिपला नव्हता. मी बोललो, पुढच्या महिन्यात घरी होतो.

माझं म्हणाल तर देशातल्या एफ-४ चा एक हंगाम करा. २०२३ पासून चालू आहे, चेन्नई-कोईमतूर बसने जाता येतं. पहिल्या पाचांत यायला लागला तर पुढचं बोला. नाही आला तर पोफळी जागेवर आहेत.

निळा_झेंडा

एक हंगाम करून थांबायचं असेल तर करूच नका. पहिल्या वर्षी सगळेच शिकतात.

मोपा_रोड

भाच्याला रात्री आमच्या रस्त्यावर आणा, इथे बुलेटवाले फुकटात एफ-१ खेळतात. इंडियन रेसिंग लीगमध्ये 'गोवा एसेस' नावाची टीम आहे आणि गोव्यात ती गाडी पळवायला एक पक्का ट्रॅक नाही, हीपण गंमतच.

म्हापशेकरीण

आपल्या बुद्धिबळवाल्या लिऑन मेंडोन्साची आठवण झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वडिलांबरोबर हंगेरीत अडकला, युरोपातच स्पर्धा खेळत राहिला आणि ग्रँडमास्टरचे निकष पुरे करून आला. आईबापांचा त्यागच, पण त्याच्या खेळाचं सामान एका पिशवीत मावतं. दर वळणाला रबर जळत नाही.

मला वेगळंच विचारायचंय. एवढा धागा वाचला, भावजी काय म्हणतात, तुम्ही काय म्हणता, मोनॅकोत काय झालं, सगळं कळलं. तुमची ताई काय म्हणते? गोव्याच्या कायद्यात लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, वेगळा करार केला नसेल तर. तिच्या सहीशिवाय भावजी एक पोफळ विकू शकत नाहीत.

हिशेबतपासनीस

हे आधी सुचायला हवं होतं मला.

कुळागरवाला

म्हापशेकरीणबाई, तुमचं वाचून काल ताईला फोन केला. खरं सांगायचं तर तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती म्हणते, कुळागरावर सही नाही. टिप्परचे थोडे पैसे तिने तेव्हाच बाजूला टाकलेत, भावजींना ठाऊक नाही (हे वाचत नसावेत अशी आशा). त्यात एफ-४ चा एक हंगाम बसत असेल तर जाऊ दे, मात्र दहावीची परीक्षा बुडता कामा नये.

पाना_नंबर_दहा, तुमचे प्रश्न तिला वाचून दाखवले. सगळी उत्तरं तोंडपाठ. २२ कार्टमध्ये तिसरा, पहिला ४८.६१. मी थक्क झालो. कालनिर्णयवरचे आकडे भावजी लिहितात असं मी वर म्हटलंय, ते तिचं अक्षर आहे.

पाना_नंबर_दहा

४८.६१? मग करा हंगाम. टायरचे बारकोड तिलाच टिपायला सांगा.