मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीला घरी गणित कसे शिकवावे?

आमची मुलगी दुसरीत आहे. मागच्या महिन्यात चिंचोके मांडत असताना, १, ३, ५, ७ अशा विषम संख्या क्रमाने मिळवत गेल्यास दर वेळी चौरसच तयार होतो, हे तिने आपणहून शोधले आणि चौरसाच्या दोन कडांना नवी ओळ लावून, 'कोपऱ्यात एक जादा लागतो ना,' असे कारणही मला दाखवले. शाळेत मात्र हातचा न लिहिता थेट उत्तर मांडते म्हणून वहीत लाल शेरे येतात आणि गृहपाठाचे नाव काढताच तिचे पोट दुखू लागते. (रविवारी दुखत नाही.)

पुण्याची ज्ञान प्रबोधिनी प्रशाला ही प्रज्ञावंत मुलांची शाळा पाचवीपासून आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक ही विज्ञानाची स्पर्धा परीक्षा सहावीत. म्हणजे मधली वर्षे घरीच निभावायची आहेत. बालभारतीची वरच्या इयत्तांची पुस्तके आताच द्यावीत, असे सासरे म्हणतात. परंतु त्यामुळे तिला वर्ग अधिकच कंटाळवाणा होईल, असे मला वाटते. पुढे पळवण्याऐवजी कोडी, आकृतिबंध, मोजमाप यांतून याच पातळीवर खोलात नेण्याचा अनुभव कोणाला आहे का? रोज किती वेळ द्यावा, आणि पायऱ्या लिहिण्याची सवय तिचा उत्साह न मोडता कशी लावावी, हे कृपया सविस्तर सांगावे.