बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून बल्लारपूरच्या कोळसा खाणीत गेलेल्या पणजोबांची नोंद कुठे मिळेल?

प्रश्न: पणजोबा 1950 नंतर खाणीत लागले, तिकडेच वारले. हातात फक्त फंडाची एक पावती आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर 1: पावतीवरचा खाते क्रमांक सांभाळा, तोच धागा. कोळसा कामगारांचा फंड वेगळा, 1948 च्या कायद्याखालचा, मुख्यालय धनबादला. नेहमीच्या पीएफ ऑफिसात खेपा घालू नका. बल्लारपूरच्या खाणी 1973 ला सरकारी झाल्या, आता वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. तिच्याकडे माहिती अधिकारात 10 रुपये भरून ‘फॉर्म बी’ रजिस्टरची, म्हणजे खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीची, नक्कल मागा. त्यात वडिलांचं नाव, हुद्दा, मूळ पत्ता असतो.

उत्तर 2: वयावर मात्र विसंबू नका, ते बहुधा अंदाजे लिहिलेलं. आडनावाऐवजी गावाचं किंवा बापाचं नाव लागलेलं असू शकतं. अर्जात सगळी रूपं द्या, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं.

उत्तर 3: दादा, गावाकडची बाजूही बघा. हल्लीच्या उताऱ्यावर थांबू नका, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या वारसा फेरफाराची नक्कल काढा. 1956 पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता. आणि मूळ गाव चंदगडकडचं निघालं, तर तो तालुका त्याच वर्षी कोल्हापूरला जोडला गेला. मग फक्त बेळगावात शोधून भागणार नाही.