मदत हवी आहे : चौथीच्या वर्गात वाचायला गोष्टी सुचवा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श'चा तक्ता भिंतीवर आहे, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना तोंडपाठ आहे. परवा एक गोष्ट वाचली. त्यातला मामा भाचीला म्हणतो, "आईला सांगू नकोस हं." वर्ग चिडीचूप! मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, मग तिनं सांगितलं का?" तक्ता बघून असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

अशा मराठी गोष्टी सुचवाल का? घाबरवणाऱ्या नकोत. मुलग्यांबद्दलच्या तर मला सापडतच नाहीत.

आणि एखादं मूल खरंच काही बोललं तर? पोक्सोनुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, ते ठाऊक आहे. पण त्या क्षणी मुलाशी पहिलं वाक्य काय बोलायचं?