उन्हाळी सुट्टीत गावच्या वाचनालयात मुले टिकावीत म्हणून काय करावे?

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, बेळगाव तालुका (पश्चिम भाग)

सप्रेम नमस्कार. बेळगाव शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावात एक जुने मराठी वाचनालय आहे. देवळाला लागून दोन खोल्या, चार लाकडी कपाटे, एक लोखंडी कपाट आणि दाखल नोंदवहीप्रमाणे २,३०० पुस्तके, एवढा त्याचा संसार. सकाळी गावातली वडीलधारी मंडळी वर्तमानपत्रे वाचायला येतात, संध्याकाळी पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले अभ्यासाला बसतात, आणि या दोन्ही वेळांमधला सगळा दिवस कुलपात जातो.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही मुलांसाठी पाच दिवसांचे शिबिर घेतले. चित्रकला, मातीकाम, पाठांतर, वक्तृत्व आणि शेवटी बक्षीस समारंभ. साठ मुले आली, पालक समाधानी झाले, वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. सहाव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दार उघडले तेव्हा मात्र एकही मूल फिरकले नाही. म्हणून देवघेव नोंदवही काढून पाहिली. शिबिराच्या पाच दिवसांत मुलांच्या नावावर फक्त चार पुस्तके गेली होती, आणि त्यांतली तीन कार्यकारिणीतल्या सभासदांच्याच घरी. साठ मुले पुस्तकांच्या कपाटांना पाठ टेकून पाच दिवस बसली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत सुट्टी असते. यंदा पाच दिवसांच्या सोहळ्याऐवजी सुट्टीभर चालेल आणि मुलांच्या हातात खरोखर पुस्तक जाईल असे काही करावे, अशी इच्छा आहे. मुख्य अडचणी दोन. कार्यकारिणीतील ज्येष्ठांना वाटते की मुलांच्या हाती पुस्तके दिली तर ती फाटतील किंवा हरवतील, म्हणून पन्नास रुपये अनामत घेतल्याशिवाय पुस्तक देऊ नये. दुसरे असे की गावातली मुले आता मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांत विभागली गेली आहेत, आणि इंग्रजी शाळेतली मुले घरी अस्खलित मराठी बोलत असली तरी वाचायला बसवली की अडखळतात आणि लाजून पुस्तक मिटतात. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

शिबिर संपल्यावर देवघेव नोंदवही उघडून पाहणारे कार्यकर्ते मला फारसे भेटलेले नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी कपाटाचे कुलूप काढा. काचेच्या दारामागचे पुस्तक मुलाला फक्त पाठीकडून दिसते, आणि आपली बहुतेक जुनी पुस्तके पुन्हा बांधून घेतलेली असल्यामुळे त्या पाठीवर नावाऐवजी दाखल क्रमांक चिकटवलेला असतो. आठ वर्षांच्या मुलाने १४३७ हा आकडा पाहून नेमके काय मागावे? निवृत्तीनंतरच्या दोन सुट्ट्यांत मी आमच्या गावातल्या शाळेच्या ओसरीवर एक सतरंजी अंथरत असे आणि त्यावर मुखपृष्ठे वर येतील अशी दीडशे पुस्तके मांडत असे. पहिले तीन दिवस मुलांनी केवळ पाने उलटली, चित्रे पाहिली, पुस्तकांवरून आपसांत भांडणे केली, आणि मी त्यांना काहीही म्हटले नाही. चौथ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने विचारले, ‘बाई, हे मी घरी नेऊ का?’

त्या मुलीने संध्याकाळी ते पुस्तक आजीला वाचून दाखवले. आजी अंगणात बसून चिंच फोडत होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट निम्म्यावर आल्यावर तिने नातीला थांबवले आणि ‘आमच्यात ही गोष्ट अशी सांगत नाहीत’ असे म्हणून शेवट वेगळा सांगितला. दुसऱ्या दिवशी मुलीने ओसरीवर दोन्ही शेवट सांगितले आणि मुलांमध्ये कोणता खरा यावरून अर्धा तास वाद चालला. त्यानंतर मी एकच नियम ठेवला : पुस्तक घरी नेणाऱ्याने ते घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याने काय म्हटले ते येऊन सांगायचे. सारांश विचारला नाही आणि तात्पर्य तर मुळीच विचारले नाही, कारण तात्पर्य विचारले की मुलाला शाळा आठवते. त्या नियमामुळे वाचनालयात कधीही पाऊल न टाकलेल्या बायका पुस्तकांशी जोडल्या गेल्या. पुढे त्याच मुलांच्या हाती निरोप पाठवू लागल्या की परवाच्यासारखी आणखी एखादी गोष्ट असेल तर पाठवा.

अनामतीबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. मी पाचवीत असताना एका वाचनालयातून आणलेले पुस्तक वळवाच्या पावसात भिजले. पुस्तक फुगले, शाई पसरली. वडिलांनी मुकाट्याने दंड भरला आणि माझे नाव काढून घेतले. त्यानंतर दोन वर्षे मी पाठ्यपुस्तकाशिवाय काहीही वाचले नाही. पन्नास रुपये आज किरकोळ वाटतात, पण ज्या घरात ते मागावे लागतात त्या घरातले मूल ते मागतच नाही. आणि सुट्टीत पुस्तकाची गरज नेमकी त्याच मुलाला सर्वांत जास्त असते. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरातील शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये हेच मांडले होते : शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थित घरांतल्या मुलांमधले जे अंतर आटोक्यात राहते ते उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढते, आणि मूल सुट्टीत किती पुस्तके वाचते, सार्वजनिक वाचनालयात किती जाते, याचा त्याच्या प्रगतीशी स्पष्ट संबंध दिसतो. आपली परिस्थिती वेगळी असली तरी चौतीस वर्षे जूनमध्ये वर्ग उघडताना मी जे पाहिले ते याहून निराळे नव्हते.

उत्तर २ : ग्रंथपाल, निपाणी परिसर

बाईंच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. कार्यकारिणीची भीती मात्र दुर्लक्षून चालणार नाही, तिला नोंदवहीच्या भाषेत उत्तर द्यावे लागेल. सगळी २,३०० पुस्तके उघडी ठेवा असे कोणीही म्हणत नाही. जुने, दुर्मिळ ग्रंथ आणि नियतकालिकांचे बांधीव खंड कुलपातच राहू द्यावेत. मुलांना वाचता येतील अशी दोनशे पुस्तके वेगळी काढा, त्यांची स्वतंत्र नोंदवही करा, आणि यांतली वीस पुस्तके फाटली किंवा परत आली नाहीत तर ती झीज समजून निर्लेखित केली जातील, म्हणजे नोंदवहीतून कमी केली जातील, असा ठराव सुट्टी सुरू होण्यापूर्वीच लेखी करून घ्या. नुकसान आधीच मान्य केलेले असले की पुस्तक हरवल्यावर मुलावर कोणी ओरडत नाही. कपाटात बंद राहिलेल्या पुस्तकांचे काय होते तेही ज्येष्ठांना एकदा प्रत्यक्ष दाखवा. खालच्या फळीवरचे एखादे पुस्तक काढून उघडा, कसरीने पानांची जाळी केलेली दिसेल, आणि त्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर बहुधा एकही तारीख नसेल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतला पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा आहे. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत, त्या वृत्तीला दिलेले ते उत्तर आहे. आणखी एक, पुस्तकांना खाकी कागद घालू नका. झाकायचेच असेल तर पारदर्शक प्लास्टिक वापरा.

पैशाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो येणारच. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांना तिथल्या १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते. तो कायदा अर्थातच सीमेच्या अलीकडे लागू होत नाही. कर्नाटकात १९६५ चा कायदा आहे आणि मालमत्ता करावरील ६ टक्के ग्रंथालय उपकरातून सरकारी सार्वजनिक ग्रंथालये चालतात. आपल्यासारखी लोकवर्गणीची वाचनालये चालतात ती सभासदांच्या चिकाटीवर. म्हणूनच माझी सूचना आहे की आपल्या ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयाकडे, म्हणजे आता ज्याला ‘अरिवु केंद्र’ म्हणतात तिकडे, एकदा आवर्जून जाऊन या. ही ग्रंथालये २०१९ मध्ये ग्रामीण विकास व पंचायत राज खात्याकडे आली आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) उपक्रमात ६ ते १८ वर्षांच्या मुलांना तिथे विनामूल्य सभासदत्व मिळते. तिथल्या ग्रंथपालांना आपल्याकडे बोलवा, त्यांच्याकडची मुलांची कन्नड पुस्तके दोन आठवड्यांसाठी मागा आणि आपली मराठी पुस्तके त्यांच्याकडे ठेवा. आमच्या भागात कन्नड शाळेत जाणारी मराठी घरातली मुले आहेत आणि मराठी शाळेजवळ राहणारी कन्नड घरांतली मुलेही आहेत. ती सुट्टीत एकाच मैदानावर खेळतात, तर एकाच सतरंजीवर वाचायला त्यांना काय अडचण असणार?

गावापासून दूर एखादी वाडी किंवा धनगरवाडा असेल तर तिथल्या मुलांची वाट पाहत बसू नये. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणून जी ग्रंथालय व्यवस्था उभारली, तीत खेड्यांकडे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. आपल्याला एक पत्र्याची ट्रंक आणि आठवड्यातून एकदा तिकडे जाणारी दुचाकी पुरेल.

उत्तर ३ : पालक, टिळकवाडी, बेळगाव

मी फक्त इंग्रजी माध्यमातल्या मुलांविषयी लिहितो, कारण माझा मुलगा त्यांतलाच आहे. तिसरीत असताना त्याने ‘गर्दी’ हा शब्द ‘गदीर’ असा वाचला आणि शेजारची मुले हसली. त्यानंतर सहा महिने त्याने माझ्यासमोर मराठी पुस्तक उघडले नाही. या मुलांना भाषा येते, अडते ते रफारापाशी, जोडाक्षरांपाशी आणि पहिल्या वेलांटीपाशी. म्हणून त्यांना वयाच्या मानाने सोपी पुस्तके देताना ‘हे लहान मुलांचे आहे’ असे चुकूनही म्हणू नका, आणि चारचौघांत मोठ्याने वाचायला तर सांगूच नका.

आम्हाला उपयोगी पडलेली पद्धत अशी : एक वाक्य मी वाचायचे, पुढचे त्याने. तो अडला तर दुरुस्त न करता मी तेच वाक्य सहज पुन्हा वाचायचो आणि पुढे जायचो. मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर तीच गोष्ट अनेकदा मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत विनामूल्य मिळते, आणि छापून वाटण्याचीही मुभा आहे. मुलाने इंग्रजीत वाचलेली गोष्ट मराठीत पुन्हा हाती आली की अर्थाची भीती जाते आणि लक्ष अक्षरांवर राहते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत आहेत. एखाद्या जुन्या अंकातली कोडी छापून भिंतीवर लावा, मुले उभ्या उभ्या वाचतील.

स्पर्धा अजिबात नकोत, असे मात्र मला वाटत नाही. मुलांना चुरस आवडते. फक्त कोणी किती पुस्तके वाचली याची चुरस लावली की मुले पाने मोजू लागतात. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून सुट्टीत अमुक इतकी पुस्तके वाचायची, असा एकच आकडा भिंतीवर लिहावा.

उत्तर ४ : वाचक आणि शेतकरी, उचगाव परिसर

वेळेबद्दल थोडेसे. कागदावर सात आठवडे दिसतात, पण मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीची, घाई सुरू होते आणि मोठी मुले शेतात लागतात, त्यामुळे २० मेनंतर नवीन काही सुरू करू नये. वेळ सकाळी नऊ ते अकराची ठेवा. दुपारी चारनंतर वळवाचा नेम नसतो आणि वीजही जाते. मुख्य म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी लागते, तेव्हा कोल्हापूर, पुण्याकडची भाचरे मामाच्या गावाला येतात. आमच्या गावात त्या दिवसांत मुलांची संख्या चांगलीच वाढते. त्यांच्यासाठी महिनाभराचे पाहुणे सभासदत्व ठेवा आणि जबाबदार म्हणून मामाची सही घ्या.

दुसरे असे की सकाळी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या मंडळींना नऊ वाजता उठवू नका. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय उभे आहे, आणि आपल्या कडोली, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, उचगाव या गावांत दर वर्षी साहित्य संमेलनांचे मांडव पडतात ते याच पिढीने वर्गणी गोळा करून टिकवले म्हणून. संमेलनाच्या दिवशी गाव गोळा होतो, पण त्या आजोबांनी एखाद्या मुलाला शेजारी बसवून गोष्ट वाचून दाखवल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. त्यांना विचारायला हवे. कुळव, कुरी, दिंड, हे शेतीतले शब्द पुस्तकात आले की मुले अडतात, आणि त्यांचा अर्थ सांगायला त्या आजोबांपेक्षा योग्य कोण आहे?

प्रश्नकर्त्याचे पुन्हा :

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल कार्यकारिणीची बैठक झाली. वीस पुस्तकांच्या निर्लेखनाचा ठराव मी वाचून दाखवला आणि नंतर खालच्या फळीवरची तीन पुस्तके काढून मेजावर उघडून ठेवली. त्यांतल्या एकाची पाने हात लावताच तुकडे होऊन गळली. कोणी काही बोलले नाही. अनामतीची अट मुलांपुरती रद्द झाली आहे. पुढच्या रविवारी चार-पाच जण मिळून दोनशे पुस्तके निवडणार आहोत, आणि अरिवु केंद्राच्या ग्रंथपाल बाई कन्नड पुस्तके घेऊन येण्यास तयार झाल्या आहेत.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याकडे गेली अनेक वर्षे कपाटांच्या किल्ल्या असतात, ते अजून पूर्ण राजी नाहीत. पुस्तके बाहेर काढा, पण पहिला आठवडा मी स्वतः दारात बसेन, असे ते म्हणाले. मी त्यांच्यासाठी खुर्ची सतरंजीच्या कडेला ठेवणार आहे, आणि पहिल्या दिवशी एखादे पुस्तक त्यांच्याच हाती देऊन मुलांना वाचून दाखवण्याची विनंती करणार आहे. देवघेव नोंदवहीतले आकडे मे महिन्याच्या शेवटी इथे लिहीन.