मदत हवी आहे: टेक्सासमधील शेतघरी विषारी सापांसाठी कोणती बंदूक घ्यावी?

नमस्कार मंडळी,

ऑस्टिनच्या वायव्येला, टेक्सासच्या हिल कंट्री भागात, चौदा एकर जागा घेऊन आम्ही तेथेच राहायला आलो आहोत. जमीन बहुतांशी चुनखडीच्या खडकाची आहे, तिच्यावर ओक आणि सीडरची दाट झाडी आहे आणि एका कडेने पाऊस झाला की वाहणारा ओढा आहे. घरापासून थोड्या अंतरावर बोअरवेलचे पंपघर आणि त्याला लागून कोंबड्यांचे खुराडे आहे. अशा जागी साप दिसणे नवलाचे नाही, आणि दिसला की मारायचा असे आमच्या घरात कोणाचेही मत नाही. माळावर किंवा कुंपणाकडे दिसलेल्या सापाला आम्ही त्याच्या वाटेने जाऊ देतो. प्रश्न आहे तो खुराडे, पंपघराचे दार आणि मागच्या ओट्याच्या पायऱ्या या तीन जागांचा, कारण तेथे मुले, कुत्रा आणि आम्ही स्वतः रोज वावरतो. या जागी जवळून आणि सुरक्षितपणे वापरता येईल अशी एकच बंदूक घ्यायची आहे. ती कोणती असावी, याबद्दल अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्या भागात विषारी साप चार प्रकारचे आहेत: वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेक, कॉपरहेड, पाण्याच्या कडेने राहणारा कॉटनमाउथ आणि कोरल स्नेक. यांपैकी पहिले तीन पिट व्हायपर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याचे भाऊबंद. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने त्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे काळोखातही उंदीर त्यांच्या तावडीतून सुटत नाही. खुराड्यातल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतात, हे लक्षात आल्यावर आम्ही दाणे पत्र्याच्या डब्यांत हलवले, खुराड्याच्या तळाशी पाव इंच भोकांची तारेची जाळी जमिनीत पुरली आणि भिंतीला टेकवून रचलेली लाकडे दूर नेली. याने फरक पडला. तरीही पंपघराचा पाया खडकावरच बसवलेला असल्यामुळे त्याच्या फटी पूर्णपणे बुजत नाहीत, आणि उन्हाळ्यात दिवेलागणीच्या सुमारास, नेमक्या अंडी काढायच्या वेळी, साप गारव्याला बाहेर पडतात.

मला बंदुकीइतकीच काळजी सापाच्या ओळखीची वाटते. येथला टेक्सास रॅट स्नेक आपल्या धामणीसारखा बिनविषारी आहे, सहज पाच-सहा फुटांचा होतो आणि अंडी खायला खुराड्यात हमखास येतो. डिवचला गेला की तो वाळक्या पाल्यात शेपटी अशी थरथरवतो की जाणत्या माणसालाही रॅटलस्नेकचा भास व्हावा. हाच साप आमचे उंदीर आटोक्यात ठेवतो, म्हणून त्याच्यावर बंदूक चालता कामा नये. टॉर्चच्या उजेडात डोके आणि शेपटी दोन्ही नीट पाहिल्याशिवाय कोणीही चापाला बोट लावायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

बंदूकच कशाला, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. रॅटलस्नेक आपल्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेपावतो, त्यामुळे चार फुटी सापापासून सहा फूट दूर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्यापासून तत्काळ धोका नसतो. साप पकडायचा लांब चिमटा आणि घट्ट झाकणाची बादली आमच्याकडे आहे आणि मोकळ्या जागी आम्ही तीच वापरतो. साप पंपाच्या टाकीमागे जाऊन बसला तर बंदुकीचाही उपयोग नाही. दार लोटून घ्यायचे आणि साप पकडणाऱ्याला बोलवायचे. मात्र अंड्यांच्या खोक्यांखाली वेटोळे घालून बसलेल्या सापापर्यंत चिमटा न्यायचा म्हणजे वाकून डोके आणि हात त्याच्या टप्प्यात न्यावे लागतात, आणि शेजारी कुत्रा भुंकत असेल तर वेळही नसतो. फावड्याने मारणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. तुटलेले डोकेसुद्धा बराच वेळ चावू शकते. २०१८ मध्ये कॉर्पस क्रिस्टीजवळ रॅटलस्नेकचे तोडलेले डोके उचलायला गेलेल्या माणसाला ते चावले आणि त्याला प्रतिविषाच्या २६ मात्रा द्याव्या लागल्या. बंदुकीने मारलेल्या सापाचे डोकेही याच कारणाने फावड्यानेच उचलून खोल पुरायचे असते.

आता पर्यायांकडे येते. पहिला पर्याय .२२ ची (नळीचा व्यास सुमारे ०.२२ इंच) रायफल आणि तिच्यात स्नेकशॉटची, म्हणजे एका गोळीऐवजी बारीक छर्रे भरलेली, काडतुसे. यातले १२ नंबरचे छर्रे (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक) मिठाच्या कणांसारखे बारीक असतात आणि एका काडतुसात सगळे मिळून जेमतेम दोन ग्रॅम भरतात. धक्का नाही, आवाज कमी आणि शेजाऱ्यांना धोका जवळजवळ नाही, हे तिचे गुण. परंतु रायफलच्या नळीतल्या आट्यांमुळे, म्हणजे आतल्या पिळदार खाचांमुळे, छर्ऱ्यांना फिरकी मिळते आणि ते कडेला फेकले जाऊन मध्ये पोकळी राहते. हेन्री कंपनीची गार्डन गन गुळगुळीत नळीची असल्यामुळे तिच्यात हा दोष नाही, तरी साधारण दहा फुटांपलीकडे या छर्ऱ्यांत जोर उरत नाही असेच सर्वत्र सांगितले जाते. मनगटाएवढ्या जाड डायमंडबॅकला दहा फुटांवरून यातले एक काडतूस पुरेसे होते, की तो जखमी होऊन फटीत शिरतो, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी सांगावे. जखमी साप तळमळत सोडण्याची कल्पना मला सहन होत नाही.

दुसरा पर्याय .४१० बोअरची (नळीचा व्यास सुमारे ०.४१ इंच), बिजागरीवर मधोमध मोडून भरायची एकनळी शॉटगन. हिच्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम छर्रे असतात. हे .२२ च्या तुलनेत सातपट झाले. नऊ नंबरचे छर्रे घेतले तर बारा-पंधरा फुटांवर सापाच्या डोक्याभोवती दाट चकती पडते. वजन कमी, धक्का सोसवेल इतका, आणि मोडून उघडी ठेवली की भरलेली आहे की रिकामी हे लांबूनही दिसते. घरात मुले असताना मला हा गुण फार मोलाचा वाटतो. माझा कल हिच्याकडेच आहे.

टॉरस जजसारखे .४१० ची काडतुसे घेणारे रिव्हॉल्व्हर इकडे अनेक जण साप मारायला म्हणूनच बाळगतात आणि आमच्या शेजाऱ्यांनीही तेच सुचवले. मला ते नको आहे. गुळगुळीत नळीचे असे हातशस्त्र १९३४ च्या केंद्रीय कायद्यानुसार वेगळी नोंदणी केल्याशिवाय ठेवता येत नाही, म्हणून या रिव्हॉल्व्हरच्या नळीत आटे असतात, आणि आखूड नळी व आटे या दोन्हींमुळे छर्रे फार लवकर विखुरतात. याहून महत्त्वाचे म्हणजे घाबरलेल्या, फारसा सराव नसलेल्या माणसाच्या हातात आखूड नळी कोठेही वळू शकते. लांब नळीची बंदूक खांद्याला लागली की ती निदान एका दिशेला राहते. याहून बऱ्याच मोठ्या नळीच्या बारा बोअर शॉटगनचा विचार आम्ही सोडून दिला, कारण खुराड्याच्या तळाला आणि पंपघराच्या पीव्हीसी पाइपांना तिचा एक बारही महाग पडेल.

यापुढचे दोन मुद्दे माझ्या मते सर्वांत अवघड आहेत आणि त्यांवर मला येथे फारसे वाचायला मिळालेले नाही. पहिला, चुनखडीचा खडक. गोळी खडकावरून उसळून कोठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून एकसंध गोळीचे काडतूस आम्ही वापरणारच नाही. शिशाचे बारीक छर्रे चपटे होऊन त्यांचा जोर लवकर ओसरतो, तरी डोळ्यांवर संरक्षक चश्मा हवाच. दुसरा मुद्दा कोंबड्यांचा. कोंबड्या अन्न दळण्यासाठी खडे टिपतात आणि त्यांबरोबर जमिनीवर पडलेले छर्रेही टिपतात. पेषणीत ते शिसे झिजून रक्तात उतरते आणि अंड्यांतही येते. ती अंडी आमची मुले खातात. पोलादी छर्ऱ्यांनी शिशाचा प्रश्न सुटतो, पण ते कठीण असल्यामुळे खडकावरून जास्त उसळतात. बिस्मथचे छर्रे .४१० मध्ये मिळतात आणि ते पोलादाहून मऊ आहेत, मात्र ते मोठ्या आकाराचे असल्यामुळे एका काडतुसात संख्येने कमी बसतात. खुराड्याजवळ बिस्मथ वापरलेले कोणी येथे आहे का? जमिनीवर जुनी गोणपाटे किंवा वाळूचा थर टाकून छर्रे गोळा करण्याची काही रीत कोणी पाळत असेल तर तीही सांगावी.

कायद्याची बाजूही मांडते, कारण येथे व्हिसावर असलेले अनेक सभासद आहेत. यजमान नागरिक आहेत आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे आम्हा दोघांनाही दुकानातून फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज) भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन बंदूक घेता येते. एच-१बी किंवा पर्यटक व्हिसावरील व्यक्तीला मात्र केंद्रीय कायद्यानुसार बंदूक विकत घेणेच नव्हे, तर बाळगणेही निषिद्ध आहे. अमेरिकेतला वैध शिकार परवाना असणे हा त्याला एक अपवाद आहे. माझे वडील मूळचे सातारा जिल्ह्यातले, लष्करातून निवृत्त झालेले, आणि आमच्या घरात बंदूक हाताळण्याची खरी शिस्त त्यांनाच आहे. ते दर वर्षी वसंत ऋतूत, म्हणजे साप बाहेर पडू लागतात तेव्हाच, आमच्याकडे येतात आणि दिवसा घरी तेच असतात. पर्यटक व्हिसावर असताना त्यांनी ती बंदूक उचलू नये, अशी आमची भूमिका आहे. त्यामुळे तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे राहणार नाही. आम्ही घरी नसताना साप दिसला तर कुत्र्याला आत घ्यायचे, दार लावायचे आणि फोन करायचा, हे त्यांनीच आम्हाला शांतपणे सांगितले. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे टेक्सासमध्ये गुन्हा आहे. म्हणून बंदूक रिकामी आणि तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलुपात, असे ठरवले आहे. या व्यवस्थेत सापापाशी पोचायला किती उशीर होतो आणि तो उशीर परवडतो का, याबद्दल मुले असलेल्या कुटुंबांचा अनुभव मला विशेष हवा आहे.

भर: आतापर्यंतच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काही प्रश्न वारंवार आले, म्हणून येथेच उत्तरे देते. गंधक आणि डांबराच्या गोळ्यांचे साप पळवणारे मिश्रण आम्ही वापरणार नाही, कारण रॅटलस्नेक त्यावरून सरळ निघून जातो आणि कोंबड्यांना त्याचा त्रास होतो. भारतातून प्रतिविष आणावे का, असे एका ताईंनी विचारले आहे. तिकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार होते. ते येथल्या सापांवर चालणार नाही आणि घरी टोचण्याची ती वस्तूही नाही. दंश झालाच तर चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठ्या आणि घड्याळ काढायचे, ९११ ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचे. विषबाधेच्या सल्ल्याचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक पंपघराच्या दारावर आतून आणि बाहेरून लिहिला आहे. बंद पंपघरात बार काढल्यास कानांचे काय, हे विचारणाऱ्या दादांचे बरोबर आहे. आत उभे राहून कोणीही बार काढणार नाही, आणि कानांवरचे संरक्षक मफ चिमट्याशेजारच्या खिळ्यालाच टांगले आहेत.

चोकबद्दलचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. जवळच्या गावातल्या दुकानात एक जुनी .४१० एकनळी चांगल्या अवस्थेत आहे, नळी २६ इंची, पण चोक, म्हणजे छर्रे एकत्र राहावेत म्हणून नळीच्या तोंडाशी असलेला आवळ, फुल (सर्वांत घट्ट) आहे. बारा फुटांवर फुल चोकचे छर्रे मुठीएवढ्या जागेत पडत असतील, तर वेटोळ्यातले डोके सराव नसलेल्या हाताकडून चुकेल अशी मला धास्ती वाटते. दुकानदार नळी सिलिंडर बोअर, म्हणजे तोंडाशी आवळ नसलेली, करून देण्यास तयार आहे. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या नळ्या आहेत त्यांनी आठ, बारा आणि पंधरा फुटांवर कागदावर बार काढून चकतीची रुंदी येथे लिहिली तर मोठे उपकार होतील, कारण दुकानदाराने बंदूक या शनिवारपर्यंतच राखून ठेवली आहे.