रॅलीवुल्फचं जुनं ड्रिल: सिरीज टेस्ट पास, तरी बॉडीला झिणझिण्या

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी.

रॅलीवुल्फ कंपनीचं अर्धा इंची जुनं ड्रिल हाती लागलंय. पूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी, मागे डी आकाराची मूठ, बाजूला धरायला आडवा दांडा. ओगलेवाडीकडे एक फॅब्रिकेशनची शेड बंद झाली, तिथला माल भंगारात आला होता. भंगारवाल्याचा पोरगा एकेक मशीन दगडावर ठेवून घणानं फोडत होता. तांबं वेगळं आणि ॲल्युमिनियम वेगळं केलं की भाव जास्त मिळतो. याचा नंबर लागायच्या आत मी ते उचलून तराजूवर टाकलं. साडेचार किलो भरलं, किलोच्या भावानंच घेतलं.

मी सुतार आहे. जुन्या वाड्यांच्या चौकटी आणि तुळया दुरुस्तीला येतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या सागात किंवा बाभळीत एक इंची गिरमिट घालायचं तर माझ्याकडचं हलकं ड्रिल दोन भोकांत तापतं आणि वास मारायला लागतं. हे जुनं मशीन सावकाश फिरतं, पण हातानं चक धरून थांबवायचा विचारही मनात येत नाही, इतकी ताकद आहे. त्यामुळे शोभेला ठेवायचं नाही, कामाला लावायचं आहे.

अडचण अशी. चालू केलं की बॉडीला झिणझिण्या येतात. कोरड्या फळीवर उभा राहिलो तर काही नाही. ओल्या कोब्यावर चांगलंच जाणवतं. इथल्या एका वायरमननं सिरीज बल्ब लावून पाहिलं, एक टोक फेजला आणि दुसरं ड्रिलच्या बॉडीला. बल्ब पेटला नाही. तो म्हणाला बॉडी शॉर्ट नाही, रबरी चप्पल घाला आणि बिनधास्त वापरा. आत्ता त्याला टू कोअर वायर आणि दोन पिनांचा टॉप आहे, आधीच्या मालकानं लावलेला. प्लेटवर २३० व्होल्ट एवढं वाचता येतं, बाकीचे आकडे घासून गेलेत. कार्बनपाशी (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ठोकळे) ठिणग्या दिसतात आणि मागच्या बेअरिंगचा खर्रर आवाज आहे.

बल्ब पेटत नाही तर करंट येतो कुठून? आणि रंग पार उडालाय, तो आधी काढून घेऊ का?

मागाची_मोटर (इचलकरंजी)

ड्रिल आज परत प्लगला लावू नका. चप्पल घालूनही नको.

वायरमननं केलेली टेस्ट खोटी नाही, पण ती ढोबळ आहे. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला साधारण ४३० मिलीअँपिअर घेतो. त्यातून १० मिलीअँपिअर गेले तर फिलामेंट लालसुद्धा होत नाही. माणसाला मात्र १ मिलीअँपिअरच्या आसपास झिणझिण्या कळतात, १० च्या पुढे आवळलेली मूठ सोडवत नाही आणि ३० ला हृदयाला धोका सुरू होतो. म्हणजे बल्ब विझलेला दिसतो त्या पट्ट्यातच माणूस जातो. आणि ड्रिल ही वस्तूच मूठ आवळून धरायची आहे. तुम्हाला आज झिणझिण्या येतात, पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच आकडा वर जातो.

सिरीज बोर्ड मीही रोज वापरतो, पण तो वाइंडिंग तुटलंय का आणि सरळ शॉर्ट आहे का एवढंच सांगतो. गळती बघायला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लागतो, ५०० व्होल्टचा. मोटर भरणाऱ्या (वाइंडिंग नव्यानं करणाऱ्या) कुठल्याही दुकानात असतो. एक क्लिप वायरच्या दोन्ही टोकांना एकत्र, दुसरी बॉडीच्या उघड्या धातूला, ट्रिगर दाबून धरायचा आणि वाचायचं. ट्रिगर दाबला नाही तर नुसती वायर आणि स्विच मोजला जातो आणि रीडिंग उगाच छान येतं. १ मेगओहमच्या खाली असेल तर मशीन वापरायचं नाही. चांगल्या कोरड्या मशीनला १० च्या वर सहज मिळतं.

करंट येतो कुठून, तर माझा पहिला संशय कार्बनच्या भुकटीवर. कार्बन झिजतो तशी त्याची पूड आत साठत जाते. गिअरकडून तेलाचा अंश येतो, दोन्ही मिळून कार्बन होल्डरच्या बेकलाइटवर आणि कम्युटेटरच्या (कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) मागे काळा थर धरतो. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे तो थर म्हणजे फेजपासून बॉडीपर्यंत टाकलेली वायरच. दिसायला साधी घाण. जुनी मशीन "आर्मेचर गेलं" (मोटरचा फिरणारा भाग जळला) म्हणून फेकली जातात, त्यांतली कितीतरी नुसती या थरानं मेलेली असतात. माझं मुख्य काम मागाच्या मोटरी भरायचं. त्या मोटरीत कार्बन नसतो, म्हणून हा प्रकार आमच्या गावातल्या कारागिरांनाही पटकन सुचत नाही.

दोन्ही कार्बन बाहेर काढा आणि वायरी मोकळ्या करून वेगवेगळं मेगर करा: फील्ड (मोटरचं स्थिर वाइंडिंग) ते बॉडी, कम्युटेटर ते आर्मेचरचा शाफ्ट, प्रत्येक होल्डर ते बॉडी. जे रीडिंग खाली येईल तिथे रोग. आर्मेचर खाली आलं तरी लगेच भरायला देऊ नका. मऊ ब्रशनं आणि आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवा, मग लाकडी खोक्यात १०० वॅटचा बल्ब लावून रात्रभर शेकवा आणि परत मोजा. दमट वाइंडिंग शेकल्यावर पुष्कळदा उठतं. आयपीए पूर्ण उडून गेल्याशिवाय बल्ब लावू नका, ते पेट घेतं.

ठिणग्यांचं म्हणाल तर कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणगी चालते. कम्युटेटरभोवती आगीची अंगठी फिरताना दिसली तर कॉइल शॉर्ट आहे किंवा तुटली आहे, मग ग्राउलरवर (आर्मेचरची कॉइल तपासायचं यंत्र) तपासावं लागेल. कम्युटेटरवर चर पडले असतील तर लेथवर अगदी हलका हात मारून घ्या, आणि त्यानंतर पट्ट्यांमधला मायका अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली कोरा. हॅक्सॉ ब्लेडच्या कडा घासून बारीक केल्या की त्याचंच हत्यार होतं. मायका पट्टीच्या बरोबरीला राहिला तर कार्बन त्यावर उड्या मारतो आणि आठवड्यात परत ठिणग्या. कम्युटेटरला एमरी लावू नका, तिचे कण मधल्या खाचांत बसतात. बारीक काचपेपर घ्या. आणि कुणी टॉर्चच्या सेलमधली कांडी घासून कार्बन म्हणून बसवून देत असेल तर हात जोडा. ती कांडी या कामाच्या जातीची नसते, कम्युटेटर खाऊन टाकते.

आता वायर. बॉडीवर एकात एक दोन चौकोनांची (दुहेरी इन्सुलेशनची) खूण आहे का बघा. ती नसेल आणि बॉडी धातूची असेल तर हे मशीन अर्थिंगचंच आहे, टू कोअर वायर त्याला चालतच नाही. थ्री कोअर टाका, हिरवी-पिवळी बॉडीला स्क्रूनं पक्की, खालचा रंग खरवडून. टॉपमध्ये ती तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर सगळ्यात शेवटी ती सुटेल. शिवाय बोर्डवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंगनं झिणझिण्या थांबतील, पण ते रोगाचं औषध नाही. आधी मेगरचं रीडिंग चढवा.

रंगाचं सगळ्यात शेवटी बोलू.

नागदेवीचा_नाद (मुंबई)

वरचं सगळं पटलं. मी उघडण्यापुरतं सांगतो, कारण जुन्या मशीनचा घात बहुतेक उघडतानाच होतो.

या पिढीच्या मशीनमध्ये इंग्रजी आटे सापडू शकतात, बीए किंवा व्हिटवर्थ. बीएच्या आट्याचा कोन ४७.५ अंश, व्हिटवर्थचा ५५, आपल्या मेट्रिकचा ६०. म्हणजे जवळपासच्या मापाचा मेट्रिक स्क्रू दोन-तीन फेरे जातो, "बसला" असं वाटतं, आणि जोर लावला की ॲल्युमिनियममधला आटा पिठासारखा बाहेर येतो. त्यामुळे मूळ स्क्रू एकही टाकू नका, गंजका असला तरी. पुठ्ठ्यावर मशीनची बाजू काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच भोक पाडून खोचा. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू आत फील्डला जाऊन टेकतो.

स्क्रू हलत नसेल तर आदल्या रात्री डिझेल सोडा. डोक्याच्या खाचेत नीट भरणारा पेचकस लावून मागे हातोडीचा एक सरळ ठोका, मग फिरवा.

बेअरिंग मागायला जाताना नुसता नंबर सांगू नका, व्हर्निअर लावा. शाफ्ट १२ मिलिमीटर आला तर ६२०१ सारखं साधं बेअरिंग कुठेही मिळेल. १२.७ आला तर ते इंची आहे, अर्धा इंच. त्यासाठी इथे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दोन-चार दुकानं फिरावी लागतील, पण मिळतं. १२ चं बेअरिंग १२.७ च्या शाफ्टवर ठोकून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्या हातात देऊ नका. मोटरसाठी सी३ लिहिलेलं मागा, गरम झाल्यावर त्यात सैलपणा राहतो. कार्बनच्या बाजूला दोन्हीकडून बंद असलेलंच घ्या, नाहीतर पूड आत जाईल.

गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असेल. ते पूर्ण काढून रॉकेलनं धुवा, नवं ग्रीस गिअरच्या दातांना लागेल इतकंच. ठासून भरलं तर ते गरम होऊन मोटरकडे सरकतं, आणि मग वर सांगितलेला काळा थर तयारच.

स्टुटगार्टचा_पेठकर

मी पुण्याचा, सध्या जर्मनीत. इथल्या जुन्या बाजारात अशी मशीन खूप दिसतात. हातात धरायचं विजेवरचं ड्रिल फाइन कंपनीनं याच गावात १८९५ साली बनवलं, त्यामुळे इथल्या लोकांना जुन्या मशीनची माया आहे.

कोयनाकाठ, तुमच्या ड्रिलला हे लागू नाही, पण हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. जुनं परदेशी मशीन मिळालं तर तारेच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. साठच्या दशकाआधीच्या जर्मन वायरींत लाल तार अर्थिंगची असायची. आपल्याकडे जुन्या वायरीत लाल म्हणजे फेज. तिथला लाल पाहून कुणी सवयीनं फेजला जोडला तर अख्खी बॉडी २३० व्होल्टची. अमेरिकन मशीनमध्ये काळी तार फेजची असते आणि आपल्या जुन्या वायरीत काळी न्यूट्रलची. मल्टिमीटर लावून कुठली तार बॉडीला जाते हे बघा, मगच टॉप जोडा. अमेरिकन मशीन ११० व्होल्टचं असेल तर त्याच्या वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मरही लागेल.

रंगाबद्दल माझं मत: जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका. आणि नावाची पट्टी तर बफला लावूच नका. साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे.

कोयनाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. मागाची_मोटर दादा, मोटरच्या दुकानात बसून तुम्ही सांगितलंत तसं वेगवेगळं मोजून घेतलं.

दोन चौकोनांची खूण नाही, म्हणजे अर्थिंगचंच. अख्ख्या मशीनचा मेगर ०.२ मेगओहम, म्हणजे दोन लाख ओहम. फील्ड १०० च्या वर. आर्मेचर २०. डावा होल्डर ५० च्या वर. उजवा होल्डर ०.२. दुकानदारानं लगेच गणित करून दाखवलं, २३० भागिले दोन लाख, म्हणजे १ मिलीअँपिअरच्या थोडं वर. झिणझिण्यांचा हिशेब तिथेच लागला.

उजवा होल्डर बाहेर काढला. पितळेची चौकोनी नळी, तिच्यावर बेकलाइटचं कवच, ते बॉडीच्या भोकात बसतं. कवचावर शिशाच्या पेन्सिलनं घोटल्यासारखा चकचकीत काळा थर होता. आयपीएनं धुतल्यावर मेगर ०.९ वर आला, त्यापुढे जाईना. भिंगातून पाहिलं तर काळ्या थराखाली केसाइतकी तपकिरी रेघ आहे, पितळेपासून बाहेरच्या कडेपर्यंत वाकडी गेलेली. नखाला लागते. ती खरवडून वर वार्निश मारलं तर चालेल का?

स्क्रू इंग्रजीच निघाले, सगळे पुठ्ठ्यावर टोचलेत. मागचं बेअरिंग १२ चं आहे, ते इथेच मिळालं.

मागाची_मोटर (इचलकरंजी)

आर्मेचर २० आणि फील्ड १०० च्या वर, हे वाचून फार बरं वाटलं. मूळ वाइंडिंग शाबूत आहे, त्याला कुणालाही हात लावू देऊ नका.

ती तपकिरी रेघ म्हणजे बेकलाइट जळून त्याचाच कोळसा झालाय. खरवडला तरी खोलवर राहतो, आणि वार्निशखाली वीज त्याच वाटेनं परत जाते. ते कवच बाद. नवीन करायचं. बेकलाइटचा रॉड किंवा हायलम (इन्सुलेशनचं कडक लॅमिनेट) मिळेल, लेथवाल्याकडून बाहेरचा व्यास जुन्या कवचाच्या मापानं काढून घ्या आणि आतला चौकोन कानशीनं हातानं बसवा. तुम्ही सुतार आहात, चौकोनी खोबण तुमच्याइतकी नीट लेथवाला करणार नाही. होल्डर आत सरकवताना जोर लागता कामा नये, पण हललाही नाही पाहिजे. नायलॉन वापरू नका, कार्बनच्या उष्णतेनं ते मऊ पडतं. डाव्या होल्डरचं रीडिंग चांगलं असलं तरी त्याचंही कवच आत्ताच करून घ्या, त्याचं वय तेवढंच आहे.

जोडून झालं की आधी मेगर, ट्रिगर दाबून. मग टॉपच्या अर्थ पिनेपासून चकपर्यंत मल्टिमीटर, अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. वायर हलवत हलवत बघा, आकडा उडाला तर जोड कच्चा आहे. दोन्ही जमलं की आरसीसीबीच्या मागे लावून बिनलोड दहा मिनिटं चालवा, म्हणजे कार्बन कम्युटेटरचा आकार धरेल. गिरमिट त्यानंतर.

नवीन कार्बन घ्यायचे असतील तर जुन्याचं माप व्हर्निअरनं घेऊन इथे टाका, जाडी, रुंदी, लांबी या क्रमानं, आणि मागची तार स्प्रिंगमधून जाते की बाजूनं तेही लिहा. माझ्याकडे जुन्या मापांची पेटी आहे, त्यात बघून सांगतो.